आईचे वजन कोणी पाहायचे?



आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरांत आज वयस्क आईवडील एकटेच राहतात. मुले कुणी आखातात, कुणी कॅनडात. या वडीलधाऱ्यांपैकी काहींना 'हार्ट फेल्युअर' असतो. हृदय बंद पडले असा त्याचा अर्थ नाही. ते रक्त पुरेशा जोराने ढकलू शकत नाही. मग अंगात पाणी साठते, पाय सुजतात, आडवे झाले की धाप लागते. धाप लागण्याआधी हे पाणी पुष्कळदा वजनकाट्यावर दिसते. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले तर ते जेवणाचे नसते. म्हणून डॉक्टर रोज सकाळी नाश्त्याआधी वजन करायला सांगतात.

आता हा काटा आणि रक्तदाबाचे यंत्र फोनला जोडता येते. आईने काट्यावर पाय ठेवला की आकडा मुलाला टोरांटोत दिसतो. पण पाहिले म्हणजे सांभाळले का?

याचे उत्तर शोधायला वैद्यकशास्त्रानेही बरीच वर्षे घेतली. अमेरिकेत १६५३ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासाचा निकाल २०१० साली आला. त्यातील निम्म्या रुग्णांनी रोज फोन करून यंत्राच्या आवाजाला आपले वजन व त्रास सांगायचा होता. डॉक्टरांकडची माणसे तो नंतर तपासत. सहा महिन्यांत ना मृत्यू घटले, ना इस्पितळाच्या फेऱ्या. शंभरातल्या चौदा जणांनी तर एकदाही फोन केला नाही. (यंत्राशी रोज काय बोलणार?)

पुढे जर्मनीत बर्लिनच्या शारिटे इस्पितळाने १५७१ रुग्णांवर केलेल्या अभ्यासाचा निकाल २०१८ साली आला. तिथे रोज वजन, रक्तदाब, ईसीजी पाठवायचे आणि 'आज कसे वाटते' तेही सांगायचे. पलीकडे डॉक्टर आणि परिचारिका रात्रंदिवस हजर. या रुग्णांत वर्षाकाठी शंभरामागे सुमारे आठ मृत्यू झाले, इतरांत सुमारे अकरा. अभ्यास संपून ही देखरेख थांबली आणि पुढच्या वर्षात तो फरक राहिला नाही. दोन्हीकडचे रुग्ण आणि उपचार वेगळे होते, हे खरे. तरी मला वाटते, फरक पडला तो मुख्यतः पलीकडे बसलेल्या माणसांमुळे. आकडा पाहून लगेच औषध बदलणारे कुणीतरी तिथे होते.

आपल्याकडे मुलगा यंत्र पाठवतो, पलीकडे मात्र कुणीच नसते. आकडे साठत राहतात. मग ते यंत्र आईसाठी घेतले की आपल्या मनाच्या समाधानासाठी, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

दुसरी बाजू आईची. सुक्या बोंबलाच्या कालवणात मीठ फार, आणि मिठाने अंगात पाणी धरते. सकाळी काटा चुगली करतो आणि फोन येतो, "आई, काल काय खाल्लंस?" सत्तर वर्षे स्वतःचे घर चालवलेली बाई शाळकरी पोरीसारखी गप्प होते. आईबापाचा मान राख, अशी चौथी आज्ञा आहे. आकडे कुणाला दिसावेत, मुलाला, सुनेला की फक्त डॉक्टरांना, हे आईला विचारणे त्या मानातच येते. ती नको म्हणाली तर? मुलाने समजवावे, भांडावे, डॉक्टरांना बोलायला लावावे. पण तिची बुद्धी शाबूत असेल तर शेवटचा शब्द तिचाच. हे काहींना पटणार नाही, याची मला कल्पना आहे.

यंत्र वाईट नाही. परवडत असेल तर जरूर घ्यावे. पण त्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारून ठेवा: वजन किती वाढले तर फोन करायचा, कोणत्या नंबरवर, आणि लघवीची गोळी कुणाच्या सांगण्यावरून वाढवायची. शेजारच्या घरीही जाऊन या. रात्री दोन वाजता आईला धाप लागली तर रिक्षा घेऊन कोण येणार, हे त्यांच्याशी आजच बोलून ठेवा, आणि घराची एक किल्ली त्यांच्याकडे द्या.