पत्करलेला दोष

दोष हा कधीं गुण होऊं शकतो काय, हा प्रश्न नीतिविचारांत नवा नाहीं. परंतु विजेच्या गिटारसाठीं ध्वनिवर्धक बांधतांना तो उपस्थित होतो, असें कोणीं म्हटल्यास पुष्कळांना तें चमत्कारिक वाटेल. वस्तुतः घरच्या टेबलावर सोल्डरिंगचें हत्यार तापवून बसलेल्या हौशी माणसाला या प्रश्नाचें उत्तर टाळतांच येत नाहीं. कारण तें त्याला शब्दांत न देतां, कोणता भाग कोठें बसवावयाचा याच्या निवडीनें द्यावें लागतें. नीतीचे प्रश्न एखाद्या वस्तूवर आणून उभे केले म्हणजे त्यांचा निकाल लागतोच असें नाहीं. पण ते नेमके कोठें अडतात, हें तरी स्पष्ट दिसतें.

विजेच्या गिटारला स्वतःचा आवाज जवळ जवळ नसतोच. तिच्या तारांखालीं लोहचुंबकाभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे दिलेले असतात. यास पिकअप म्हणतात. पोलादी तार थरथरली कीं या वेढ्यांत एक अत्यंत क्षीण विद्युत्संदेश उत्पन्न होतो. त्याला सांभाळून घेऊन वाढविणारा जो पहिला टप्पा तो प्रीअँप, आणि स्पीकर हालविण्याइतकें बळ त्याच्या अंगीं आणणारा तो पॉवर अँप. १९४७ सालच्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. त्यापूर्वीं हें सारें काम कांचेचे व्हॉल्व्ह करीत असत. व्हॉल्व्हच्या यंत्रांत ३००-४०० व्होल्टांचा दाब खेळत असतो, आणि वीज बंद केल्यावरहि तो कांहीं काळ आंत दबा धरून बसतो. नवशिक्यानें त्यांत हात घालणें म्हणजे जिवाशीं खेळ. उलट ट्रान्झिस्टरच्याच वंशांतील एलएम ३८६ नांवाची ८ पायांची चिप पाहा. ९ व्होल्टांची बॅटरी, कांहीं कपॅसिटर आणि एक लहानसा स्पीकर एवढ्या सामग्रीवर ती अर्ध्या वॉटच्या आसपास बळ देते. ती संदेश मुळांत २० पट वाढविते. पण पहिल्या आणि आठव्या पायांमध्यें १० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर जोडला कीं तीच वाढ २०० पट होते.

येथेंच आपला प्रश्न पुढें येतो. वाढ २० पट असतांना गिटार पुष्कळशी स्वच्छ बोलते. २०० पट केल्यावर ती गुरगुरूं लागते. बॅटरीच्या व्होल्टांपलीकडे जाण्याचें सामर्थ्य चिपच्या अंगीं नसतें, म्हणून संदेशाच्या लाटेचे माथे ती छाटून टाकते. जें गिटारनें सांगितलेंच नव्हतें, असें कांहीं तरी यंत्र आपल्या पदरचें घालून सांगतें. शास्त्रांत यास विकृति म्हणतात. ही विकृति बरी कीं वाईट?

शास्त्रज्ञांचें उत्तर सरळ होतें. यंत्र हें दूतासारखें असावें. निरोप दिला तसा पोंचवावा, त्यांत मीठमसाला घालूं नये. ग्रामोफोन व रेडिओ यांच्या बाबतींत हें तत्त्व योग्यच होतें. परंतु फेंडर या अमेरिकन कंपनीनें १९६६ सालीं ट्रान्झिस्टरचे गिटारवर्धक बाजारांत आणले, तेव्हां वादकांना ते रुचले नाहींत, आणि कांहीं वर्षांतच ते मागें घ्यावे लागले. त्यांच्या टिकाऊपणाविषयीं तक्रार होती. पण त्याहून मोठी तक्रार अशी कीं त्यांचा आवाज निर्जीव आहे, आणि मर्यादा ओलांडली म्हणजे तो एकदम कर्कश होतो. दूत प्रामाणिक होता, पण त्याच्याकडे दूताचें काम कोणीं मागितलेंच नव्हतें. वादकाच्या दृष्टीनें ध्वनिवर्धक हा वाद्याचाच उरलेला अर्धा भाग होता.

ही गोडी वादकांच्या कानाला कोठून लागली, याचा इतिहास उद्बोधक आहे. १९५१ सालीं मेंफिस येथें ‘रॉकेट ८८’ या गाण्याचें ध्वनिमुद्रण व्हावयाचें होतें. प्रवासांत गिटारवादकाच्या ध्वनिवर्धकाला इजा झाली, आणि सॅम फिलिप्स यांनीं बिघडलेल्या स्पीकरांत कागद कोंबून वेळ मारून नेली. पुढें मार्टी रॉबिन्स यांचें एक गाणें नॅशव्हिल येथें मुद्रित होत असतां तेथील यंत्रणेचा एक भाग बिघडला आणि वाद्याचा सूर फाटून निघाला. तें गाणें १९६१ सालीं प्रसिद्ध झालें. इंजिनिअर ग्लेन स्नॉडी यांनीं त्या बिघाडाचा अभ्यास करून तसाच आवाज देणारें ट्रान्झिस्टरचें विद्युन्मंडल तयार केलें, आणि १९६२ सालीं गिब्सन कंपनीनें तें ‘मेस्ट्रो फझटोन’ या नांवानें विकावयास काढलें. १९६४ सालीं लंडनच्या डेव्ह डेव्हिस यांनीं तर आपल्या स्पीकरचा कागद ब्लेडनें स्वतः चिरला. अपघात, अभ्यास आणि हेतु अशा तीन पायऱ्या दोषानें १३ वर्षांत चढल्या. विशेष हा कीं, ज्या ट्रान्झिस्टरला पुढें निर्जीव म्हणून हिणविण्यांत आलें, त्यानेंच मधल्या पायरीवर या दोषाला चालू-बंद करण्याची कळ बसवून दिली.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटूं नये. मिरजेच्या कारागिरांनीं ज्याची कीर्ति देशभर नेली, त्या तंबोऱ्याची जवारी म्हणजे तरी दुसरें काय आहे? घोडीवर तारेखालीं दोरा सरकविला म्हणजे तार घोडीच्या पृष्ठभागाला निसटता स्पर्श करीत राहते, आणि साध्या तारेंत जे उपस्वर उमटूं नयेत तेहि उमटतात. १९२१ सालीं सी. व्ही. रामन यांनीं या चमत्काराकडे शास्त्रज्ञांचें लक्ष वेधलें होतें. कडक शास्त्राच्या भाषेंत ही तारेची अडवणूकच. परंतु त्या अडवणुकीवांचून गवयाला सूर भरल्यासारखा वाटत नाहीं.

मग दोष आणि गुण यांच्यामधली सीमारेषा कोणती? ‘आवडला तो गुण’ हें उत्तर सोपें आहे, पण अपुरें आहे. कारण आवड संवयीनें बनते, आणि संवय कशाचीहि होते. घरीं बांधलेलें यंत्र याहून चांगलें उत्तर सुचवितें. विजेच्या मुख्य प्रवाहावर चालणारें यंत्र प्रथम जोडलें, कीं त्यांतून पुष्कळदां एक अखंड घरघर ऐकूं येते. जमिनीच्या जोडण्या एका बिंदूपाशीं आणल्या, नाजूक तारा धातूच्या आवरणांत घेतल्या, म्हणजे ती बरीच कमी होते. या घरघरीला गुण म्हणणारा वादक विरळा. वास्तविक तीहि मूळ संदेशांत नसलेली भर आहे, आणि विकृतीहि भरच आहे. फरक इतकाच कीं, विकृति हाताला जाब देते. तार हलकेच छेडली तर ती दूर राहते, जोरानें छेडली तर धांवून येते; आणि कोणत्या क्षणीं तिला बोलवावयाचें, हें वादक ठरवितो. घरघर मात्र बहिरी असते. हात थांबला तरी ती थांबत नाहीं. ज्या दोषाचें मूळ माहीत आहे, जो आंवरतां येतो, आणि ज्याची जबाबदारी कोणी तरी उघडपणें घेतलेली आहे, तो दोष गुणाच्या पंक्तीला बसण्यास पात्र होतो. या तिन्ही कसोट्यांना जो उतरत नाहीं, तो कितीहि संवयीचा झाला तरी दोषच राहतो.

हा निकष माणसांना लावून पाहण्यासारखा आहे. ‘माझा स्वभावच तापट, पण मन स्वच्छ,’ असें अभिमानानें सांगणारे गृहस्थ घरोघरीं आढळतात. त्यांचा राग गुण आहे कीं घरघर, हें ओळखावयाचें असल्यास एवढेंच पाहावें: वरिष्ठांपुढें आंवरतां येणारा हा राग बायकामुलांपुढें कां आंवरत नाहीं? अन्यायाच्या प्रसंगीं जो मुद्दाम पुढें केला जातो आणि प्रसंग सरतांच मागें घेतला जातो, तो राग तेज म्हणून शोभतो. बाकीचा नुसता सदोष जोडणीचा आवाज.

आतां निवडीचा प्रश्न. खरा आवाज व्हॉल्व्हचाच, ट्रान्झिस्टर म्हणजे नक्कल, अशी समजूत पुष्कळ दिवस रूढ आहे, आणि तिला अगदींच आधार नाहीं असें नव्हे. रसेल हॅम यांनीं १९७३ सालीं ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकांत मायक्रोफोनच्या प्रीअँपांविषयीं लिहितांना दाखविलें कीं, मर्यादा ओलांडल्यावर व्हॉल्व्ह मूळ सुराच्या दुप्पट कंपनांचा, म्हणजे वरच्या सप्तकांतला तोच सूर ठळकपणें मिसळतो, तर ट्रान्झिस्टर तिप्पट कंपनांचा सूर पुढें करतो. पण हा जन्माचा शाप नाहीं. दोन डायोड उलटसुलट जोडून प्रीअँपच्या परतीच्या मार्गांत बसविले, तर लाटेचे माथे तुटण्याऐवजीं वांकतात; सिलिकॉनचा डायोड ०.६ व्होल्टांच्या सुमारास वाहूं लागतो, जर्मेनियमचा ०.३ च्या सुमारास, आणि एवढ्या फरकानेंहि आवाजाचा पोत पालटतो. शिवाय बी. बी. किंग यांच्यासारख्या थोर वादकानें लॅब सीरीजचा एल-५ हा ट्रान्झिस्टरचाच ध्वनिवर्धक आपलासा केला होता, आणि १९७५ सालीं निघालेला रोलंडचा जेसी-१२० आपल्या निर्मळ आवाजासाठींच नांवाजला गेला. ज्याला गुरगुर नको, त्याला स्वच्छता ही नक्कल कशी ठरेल?

मध्यम स्थितींतील कुटुंबांत हा वाद केवळ रुचीचा राहत नाहीं. महागड्या यंत्रावांचून खरा आवाज निघतच नाहीं, असें एकदां मनानें घेतलें, कीं मुलगा वाजविणेंच पुढें ढकलतो, आणि बाप आपल्या मिळकतीला दोष देत बसतो. अशा वेळीं दोन यंत्रें सारख्याच मोठ्या आवाजावर लावावीं, कारण थोडें मोठें वाजणारें यंत्र कानाला उगाच सरस वाटतें. आणि डोळे मिटून ऐकावें, कारण नांव, किंमत आणि कांचेंतला तांबूस उजेड हीं कानाआधीं बोलूं लागतात. स्वतः बांधलेल्या यंत्राच्या बाबतींत तर हा नियम अधिकच पाळावा. दुसऱ्याच्या नांवाचा मोह सुटतो, पण स्वतःच्या श्रमांचा मोह सुटणें त्याहून कठीण.

इतकें करूनहि यंत्रांत कांहीं उणेपणा राहीलच. पण ज्यानें प्रत्येक भाग आपल्या हातानें जोडला आहे, त्याला कोणता उणेपणा आपण पत्करला आणि कोणता नुसता राहून गेला, हें सांगतां येतें. पहिल्याचा सूर लावावा आणि दुसऱ्यासाठीं सोल्डरिंगचें हत्यार पुन्हां तापवावें.