गाव म्हणजे कोण?

एका शिवारात राहणारी माणसे एका गावाची असतात काय, हा प्रश्न वरवर पाहता शाब्दिक वाटेल. आदिलाबाद जिल्ह्यात मात्र त्याच्या उत्तरावर माणसाचा मान आणि अधिकार अवलंबून राहिला आहे.

आपल्या घराण्यांतून आलेले गावाचे चित्र पांढरी आणि काळीचे. पांढरीवर घरे, काळीत शेते. मध्यभागी मारुती आणि चावडी, पाटील-पटवाऱ्यांचे वाडे, त्यांच्यामागे बलुतेदारांच्या आळ्या आणि गावकुसाबाहेर दलितांची वस्ती. पैनगंगेच्या बाजूस, जैनथ-बेल्याकडे, या चित्राच्या खुणा अजून ओळखू येतात. उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूरच्या डोंगराळ भागात वस्ती निराळ्या रीतीने झाली. गोंडांचा गुडा, कोलामांची मोजक्या घरांची वाडी, लंबाड्यांचा तांडा; प्रत्येकाचे दैवत वेगळे, न्यायनिवाड्याची बैठक वेगळी. महसुली दप्तराने अशा अनेक वस्त्या एका नावाखाली बांधल्या. जेथे आपली वस्ती मोठी होती तेथे ते नाव आपले झाले, आणि आपण स्वतःला ‘गाव’ व इतरांना ‘वस्ती’ म्हणू लागलो.

ही सवय किती मुरलेली आहे! सरकारी नोकरीत आमचे आयुष्य गेले; ‘गावकऱ्यांचे म्हणणे’ असा शेरा असलेले कागद आम्ही कितीतरी वाचले. त्यांत गुड्यावरच्या माणसाचे म्हणणे क्वचितच असे.

1984 साली वंशपरंपरागत पाटीलकी-पटवारगिरी गेली. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रापुरती गावाची व्याख्याच बदलली. आपला कारभार आपल्या रूढीपरंपरेनुसार चालविणारा समाज जेथे राहतो, ती वाडी किंवा वाड्यांचा समूह म्हणजे गाव. महसुली हद्दीचा तीत उल्लेख नाही. पुढे तेलंगणाच्या 2018 च्या पंचायत राज कायद्याने अनेक गुडे-तांडे स्वतंत्र ग्रामपंचायती झाले आणि जानेवारी 2019 मध्ये त्यांनी आपापले सरपंच निवडले.

तेव्हापासून आपल्या वडीलधाऱ्यांत ‘गाव फुटले’ अशी हळहळ ऐकू येते. तिच्यात तथ्य अजिबात नाही असे नव्हे. लहान पंचायतीचे उत्पन्न तुटपुंजे, आणि तळे, स्मशान, रस्ता काही ठरावाने दोन होत नाहीत. अनुसूचित क्षेत्रात सरपंचपद आदिवासींसाठी राखीव असल्याने तेथेच जन्मलेल्या आपल्या मुलास ते कधीच मिळणार नाही, हेही बोचते. 1970 च्या विनियम क्रमांक 1 ने तर बिगर-आदिवासीने दुसऱ्या बिगर-आदिवासीस जमीन विकणेही बंद केले. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला आणि काल आलेला, दोघांना कायदा एकाच शब्दाने ओळखतो.

पण हा कायदा कशापायी आला? गोंड शेतकरी जुनी जमीन पडीक ठेवून नवीकडे सरकत असे. राखीव जंगलाच्या हद्दी पडल्या, त्याची वाट अडली. आणि ज्याला पट्टा म्हणजे काय हे ठाऊक होते त्याच्या नावे जमीन लागली. हाइमेनडॉर्फने 1940 च्या दशकात हे सारे लिहून ठेवले आहे. पहाणीपत्रकावरची सर्वच नावे अन्यायाने चढली असे आम्ही म्हणणार नाही. कष्टाने माळ फोडणारेही आपल्यात होते. तरीही ज्या एकीत एकच बाजू बोलत होती, ती मोडली म्हणून दुःख करण्याचा हक्क आपल्याला कितपत पोहोचतो? फुटले ते गाव की गावाच्या वतीने बोलण्याचा आपला मक्ता?

मक्ता गेला तरी शेजार जात नाही. आणि तो आता अधिक अवघड, कारण त्यात हुकूम नाही. तळ्याचा गाळ काढायचा तर गुड्यावर निरोप धाडून चालणार नाही. स्वतः जाऊन विचारावे लागेल, आणि नकारही ऐकावा लागेल. पोळ्याला मानाचा बैल आधी तोरणाखालून जाई आणि गुड्याचे बैल मागे थांबत. आता गुड्याने आपले तोरण आपल्या वेशीवर बांधले, तर तेथे आपण पाहुणे म्हणून जाणार की नाही, एवढे तरी आपल्याच हाती आहे.