वाया जाणारं वर्ष कोणाचं?

सांगली जिल्ह्यातल्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एनएसएसच्या शिबिरात तिने एका जिल्हा परिषद शाळेत आठवडाभर मुलांना शिकवलं. दुसरीच्या वर्गात कमी ऐकू येणारा एक मुलगा होता. तेव्हापासून तिला प्राथमिक शिक्षिकाच व्हायचं आहे, आणि तशा मुलाला बाकीच्यांसोबत शिकवता येईल अशा तयारीने व्हायचं आहे. घरी मात्र वडिलांचं एकच वाक्य ऐकू येतं : वर्षं वाया घालवू नकोस, डिग्री घे, मग बी.एड. कर आणि कुठेतरी लाग.

वडिलांना दोष देता येणार नाही. फी, खोलीचं भाडं, मेसचे पैसे हे सगळं त्यांनीच उभं केलेलं असतं आणि मागे धाकटा भाऊ बारावीला असतो. अशा घरात एकेक वर्ष मोलाचं असतं.

पण त्यांच्या हिशेबात एक चूक आहे, ती आधी सांगायला हवी. बी.एड. केलेल्यांना पहिली ते पाचवीला शिकवण्याची मुभा 2018 च्या जूनमध्ये एका अधिसूचनेने मिळाली होती. 11 ऑगस्ट 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. लहान मुलांना शिकवणं हे वेगळं कौशल्य आहे, बी.एड.ची रचना त्यासाठी नाही आणि मुलाच्या शिक्षणाच्या हक्कात त्या शिक्षणाचा दर्जाही येतो, असा त्या निकालाचा गाभा आहे. म्हणजे वडिलांनी सुचवलेल्या वाटेने ही मुलगी दुसरीच्या वर्गापर्यंत पोहोचणारच नाही. तिच्यासाठी रस्ता आहे तो डी.एल.एड. या दोन वर्षांच्या पदविकेचा. चार वर्षांचा एकात्मिक अध्यापक अभ्यासक्रमही आहे, पण त्याला बारावीनंतरची राष्ट्रीय प्रवेश परीक्षा देऊन सुरुवातीपासून लागावं लागतं. विशेष शिक्षिकाच व्हायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली स्वतंत्र पदविका आहे.

हे झालं अर्जापुरतं. मला बोलायचं आहे ते त्या ‘वाया’बद्दल.

त्या कमी ऐकू येणाऱ्या मुलाच्या वर्गात शुद्धलेखन चालू आहे असं समजा. बाई पुस्तक हातात घेऊन बाकांमधून फिरत एकेक वाक्य सांगतात. बाई समोर असतात तोवर तो त्यांच्या ओठांकडे बघून बरंचसं लिहितो. त्या त्याच्या मागे गेल्या की वाक्य संपतं. कानात मशीन असलं तरी पत्र्याचा आवाज, बाकांची सरकासरक आणि बाईंचा आवाज हे सगळं त्यातून एकत्रच येतं. मग तो शेजाऱ्याच्या वहीत बघतो. त्याचं अक्षर चांगलं आहे, वही स्वच्छ आहे. बाई बरोबरची खूण करतात. वर्ष संपतं, तो तिसरीत जातो, कारण या वयात मुलाला मागे ठेवायचं नाही असा कायदा आहे आणि तो योग्यच आहे. त्याचं ते वर्ष गेलं याची नोंद मात्र कुठल्याही कागदावर होत नाही.

बाई वाईट नाहीत. एका जागी, मुलाच्या समोर, उजेड तोंडावर येईल असं उभं राहायचं. फळ्याकडे वळून लिहिताना बोलायचं नाही. वाक्य सांगण्याआधी त्यातला अवघड शब्द पट्टीवर दाखवायचा, एवढंच त्यांना कोणीतरी वेळेवर शिकवायला हवं होतं. प्रशिक्षणात ‘समावेशित शिक्षण’ हा विषय त्यांनाही असेल. त्यावर त्यांनी टिपणं काढली असतील, परीक्षेत दिव्यांगत्वाचे प्रकार लिहिले असतील. पण पाठ टाचण करताना ‘या वर्गात एका मुलाला ऐकू येत नाही’ असं धरून एकही पाठ घ्यावा लागला नसेल.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 सालचा आहे आणि एप्रिल 2017 पासून लागू आहे. जुन्या कायद्यात सात प्रकारचं दिव्यांगत्व होतं, या कायद्यात 21 प्रकार आहेत. मुलांना एकत्र बसवून तो थांबत नाही. शिकवण्याची पद्धत त्या मुलाला साजेशी बदलली पाहिजे, असंही सांगतो. प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये ठरवून दिलं. तरी खेड्यातल्या शाळेत एखाद-दुसरंच असं मूल असतं आणि विशेष शिक्षक शाळाशाळांतून फिरतीवर असतात. ते येतात त्या दिवशी आधार मिळतो. उरलेले सगळे दिवस ते मूल वर्गशिक्षकाच्याच हाती असतं.

म्हणून मला वाटतं, शिक्षक होण्याचा जवळचा रस्ता शोधणं ही निव्वळ सोयीची गोष्ट नाही. हजेरी न लावता पदविका देणारी कॉलेजं असतात, आंतरवासिता कागदोपत्री उरकली जाते, हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे वाचवलेले महिने कोणाच्या तरी पहिली-दुसरीतून वजा होतात. ज्याच्या वाट्यातून ते जातात तो सात वर्षांचा असतो. आपल्याला काय मिळालं नाही हे त्याला माहीत नसतं, आणि कळलं तरी सांगायला शब्द नसतात. तक्रार करू न शकणाऱ्याचं काढून घेणं मला इतर कुठल्याही आळसापेक्षा गंभीर वाटतं.

एकोणिसाव्या वर्षी दिशा बदलणाऱ्याला व्यवस्थेनेही हात द्यायला हवा. श्रेयांक साठवून ठेवणारी राष्ट्रीय पेढी 2021 पासून आहे. पण साठवलेल्या श्रेयांकांतलं किती धरायचं हे नव्या संस्थेच्या हातात असतं, आणि मुलं या खिडकीतून त्या खिडकीत फिरत राहतात. अशा मुलांसाठी प्रत्येक जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत नेमून दिलेला एक माणूस असावा, ही मागणी मोठी नाही.

तिला मी कळवलं आहे ते असं. यानंतर बी.एस्सी.चं एकच वर्ष उरतं, ते पूर्ण कर. मग बी.एड.कडे न जाता डी.एल.एड. कर. पदवी आणि ही पदविका दोन्ही असल्या, की शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) देऊन सहावी ते आठवीची पात्रताही मिळवता येते. वडिलांना हे शांतपणे सांग. बी.एस्सी.ला शिकलेलं भौतिकशास्त्र फुकट जाणार नाही. आवाज भिंतींवरून कसा परततो आणि रिकाम्या खोलीत का घुमतो हे जिला माहीत आहे, ती त्या मुलाला कुठल्या बाकावर बसवायचं हे इतरांपेक्षा लवकर ओळखेल.

आणि प्रवेश घेण्याआधी त्या कॉलेजच्या सरावशाळेत जाऊन ये. तिथे कोणती दिव्यांग मुलं शिकतात, छात्राध्यापकांना त्यांच्यासोबत किती पाठ घ्यावे लागतात, ते पाठ बघायला विशेष शिक्षक येतात का, एवढं मुख्याध्यापकांना विचार. उत्तर देताना त्यांनी एखाद्या मुलाचं नाव घेतलं, तर अर्ज तिथेच भर.