ठेव की वहिवाट?

आमच्या उज्जैनजवळ दताण्याला एक लहानशी धावपट्टी आहे. तिचा मोठा विमानतळ व्हावा अशी गावाची इच्छा, आणि २०२८ चा सिंहस्थ जवळ येत चालल्याने त्या इच्छेला धार आली आहे. विमाने कोठे जातील, भाडे काय पडेल, याची चर्चा घरोघर चालते. धावपट्टी कोणाची, हे मात्र कोणी विचारीत नाही. ती सर्वांची, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीत किती नाजूक असते ते गोव्यातील दाबोळीवरून कळते.

१९५५ साली भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली; कॅसलरॉकमार्गे होणारी रेल्वेची ये-जा थांबली. त्याच वर्षी दाबोळीहून पोर्तुगीजांची प्रवासी विमाने उडू लागली. ती दमण, दीव, कराचीला आणि पुढे लिस्बनपर्यंत जात. विमानतळ नागरी खरा, परंतु कोंडलेल्या वसाहतीने श्वासासाठी उघडलेली ती खिडकी होती. 'नागरी' हा शब्द तेव्हाही फारसा सोवळा नव्हता.

१८ डिसेंबर १९६१ रोजी पुण्याहून निघालेल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. प्रवाशांची इमारत शाबूत राहावी, अशी आज्ञा होती. मला ही आज्ञा फार बोलकी वाटते. ज्याने ती दिली त्याच्या मनात हल्ल्याच्या घटकेलाही उद्याचे प्रवासी होते! त्याच रात्री उखडलेल्या धावपट्टीच्या उरल्यासुरल्या तुकड्यावरून दोन पोर्तुगीज विमाने कराचीकडे निसटली. १९६२ मध्ये विमानतळ नौदलाच्या ताब्यात गेला आणि १९६४ मध्ये 'हंसा' हा नौदलाचा हवाई तळ कोइंबतूरजवळच्या सुलूरहून तेथे आला.

युद्धात हाती आलेली जागा सैन्याने वापरली, यात गैर काहीच नाही. प्रश्न आहे तो पुढच्या साठ वर्षांचा. प्रवासी वाढले, परदेशी पर्यटकांची विमाने येऊ लागली. पण नागरी विमानतळ हा नौदलाच्या आवारातला एक कोपराच राहिला. कित्येक वर्षे आठवड्यातील पाच दिवस सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखलेले असत. घरच्या माणसाने ओसरीवर पाहुण्यासारखे बसावे, तसे हे झाले.

कोर्टाच्या पायरीवर कोणालाही विचारा, तो वहिवाटीची महती सांगेल. याज्ञवल्क्यांनीही म्हटले आहे की मालकाच्या डोळ्यांदेखत वीस वर्षे दुसऱ्याने जमीन उपभोगली आणि मालक गप्प राहिला, तर त्याचा हक्क जातो. परंतु मनूने काही अपवाद सांगितले आहेत. ठेव दुसऱ्याने कितीही काळ उपभोगली तरी ती त्याची होत नाही. तशीच राजाची संपत्तीही. आता गंमत अशी, की नौदल म्हणेल, आम्ही राजाचेच. आणि प्रवासी म्हणेल, १९५० पासून राजा मीच आहे!

माझे मत प्रवाशाच्या बाजूचे आहे, पण पूर्णपणे नाही. 'कसेल त्याची जमीन' हे तत्त्व आपण कुळांसाठी मान्य केले. ते प्रामाणिकपणे लावायचे तर दाबोळी नौदलाने कसली आहे. १९८३ पासून सी हॅरियर, २०१० पासून मिग-२९के, ही विमाने तेथे उगीच आली नाहीत. पश्चिम किनारा निर्धास्त झोपतो त्यात त्यांचा वाटा आहे. मात्र ठेवीचा धर्म असा, की मागितल्यावर ती परत द्यावी, किंवा का देता येत नाही ते सांगावे. गरज होती, हे १९६२ चे उत्तर झाले. तेच उत्तर दर पिढीला नव्याने सिद्ध करण्याचा भार धरणाऱ्यावर असतो, मागणाऱ्यावर नाही. आपल्याकडे 'संरक्षण' हा शब्द उच्चारला की मागणाराच ओशाळतो, हे मला पटत नाही.

दरम्यान सिंधुदुर्गाच्या वेशीवर, पेडण्यातल्या मोपा येथे दुसरा विमानतळ झाला. जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडतात. आता नौदलाने जागा सोडावी अशी मागणी होईल, असे वाटले होते. पण दक्षिण गोव्यातील लोकांची धास्ती वेगळीच आहे: सारी विमाने मोपाला जातील आणि दाबोळीतला आपला तो कोपराही बंद पडेल.