चालत्या माणसांची वही

कोजागरीच्या सुमाराला सोलापूरहून तुळजापूरला पायी निघालेली माणसं आमच्या तामलवाडीवरून जातात. हौशी चित्रकाराला याहून चांगली शाळा नाही. अडचण एकच, कुणी थांबत नाही. डोक्यावरचं बोचकं, खांद्यावरचं लेकरू नीट पाहावं तोवर माणूस पुढे गेलेला. मग पेन न उचलता एकाच रेषेत काढायचं. नाक-डोळे निसटतात, पण चाल सापडते.

सावलीसाठी उरलेल्या कोऱ्या चहात ब्रश बुडवतो. छान तपकिरी छटा येते. तुरीच्या काड्या बंद डब्यात तापवल्या, हवा लागू दिली नाही, तर त्यांचा चित्रकोळसा होतो. माझ्या पहिल्या डब्याची मात्र राखच झाली. झाकण सैल होतं!

चित्रांना वेळ मिळत नाही म्हणावं, तर वसंत सरवटे आठवतात. ते पेशाने इंजिनियर. सिमेंट कंपनीतली नोकरी सांभाळून त्यांनी व्यंगचित्रं काढली, ‘ललित’ मासिकाची मुखपृष्ठं रंगवली. त्यांची बरोबरी कोण करणार! पण कामावर जाण्याआधीची दहा मिनिटं आपल्याकडेही असतातच की.

काल वहीत एका आजीला तीन पाय झाले. तिसऱ्याला आज काठी करणार आहे.