पाळण्याची दोरी कोणी धरावी?

संन्यासी सगळी नाती तोडतो. जन्मदाता बापसुद्धा त्याला नमस्कार करतो. पण आईपुढे मात्र तो स्वतः वाकतो, अशी रीत आहे. हे एकच नातं का राखून ठेवलं असेल?

पोटातल्या बाळाच्या काही पेशी वारेतून आईच्या रक्तात उतरतात. बाळ जन्मतं, नाळ कापली जाते, पण त्या पेशी मागे राहतात. १९९६ साली अमेरिकेत डायना बियांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एका आईच्या रक्तात मुलग्याच्या पेशी सापडल्या. त्या बाळंतपणाला २७ वर्षं उलटली होती! पुढे २०१२ मध्ये ५९ मृत स्त्रियांचे मेंदू तपासले, तर ३७ जणींत पुरुषाचा डीएनए मिळाला. बहुधा पोटात वाढलेल्या मुलग्याचाच.

या पेशी करतात काय? जखम भरते तिथे त्या आढळतात. उंदरांच्या माद्यांत तर हृदयाला इजा झाल्यावर पोटातल्या पिल्लांच्या पेशी तिथे पोचल्या, हृदयाच्याच पेशी झाल्या. उलट, कातडी घट्ट होत जाणाऱ्या एका आजारात याच पेशींवर संशय आहे. लेकरू कधी आधार, कधी त्रास. संसारी माणसांना हे वेगळं सांगायला नकोच. (ऋषींना हे आधीच ठाऊक होतं, असं मी म्हणणार नाही. पोथीला असल्या प्रशस्तिपत्राची गरज नाही.)

मला अडतं ते पुढे. गर्भ टिकला नाही, तरी त्याच्या पेशी आईत उतरलेल्या असू शकतात. मग तिसऱ्या महिन्यात रिकामी झालेली बाई निपुत्रिक कशी? जयंतीला तिन्हीसांजेला पाळणा हलतो तेव्हा दोरी धरायला लेकुरवाळ्या सुवासिनींनाच पुढे बोलावतात.

आणि जिला दिवसच गेले नाहीत, तिचं काय? तिथे पेशींचा दाखला चालत नाही. पण ज्या माउलीच्या घरचा हा पाळणा, ती अनसूया तरी आधी गर्भार कुठे होती? दारी आलेल्या अतिथींची बाळं झाली, आणि तिला पान्हा फुटला. आईपण आधी आलं ते असं.

आमच्याकडे काही बाया पाळण्याच्या वेळी खांबाआड उभ्या राहतात. त्यांना कोणी हटकत नाही, बोलावतही नाही. यंदा पुजारीबुवांनी त्यांना नावाने हाक मारावी. दोरी चांगली लांब आहे.