पाइपातून आलेलं पाप

रायगड जिल्ह्यात महामार्गाने सुकेळी खिंड उतरून खांब गावाकडे येताना नागोठण्याचा पेट्रोकेमिकल कारखाना मागे पडतो. मूळचा आयपीसीएलचा, आता रिलायन्सचा. तिथे लागणाऱ्या इथेन वायूचा एक भाग अमेरिकेतल्या शेल खडकांतून येतो. टेक्सासच्या किनाऱ्यावरून तो जहाजाने दहेजला येतो आणि तिथून पाइपलाइनने नागोठण्याला. खडकात अडकलेला वायू सुटावा म्हणून एकेका विहिरीत कोट्यवधी लिटर पाणी, वाळू आणि रसायनं प्रचंड दाबाने घुसवतात. यालाच फ्रॅकिंग म्हणतात. सह्याद्रीच्या काळ्या कातळात असला वायू नाही, त्यामुळे खांबच्या विहिरींना त्याची धास्ती नाही. पण त्या इथेनचं पुढे प्लास्टिक होतं आणि ते कुठल्याही वाण्याच्या दुकानात पोचतं. तेव्हा तिकडे कुणाची पिण्याची विहीर नासली असेल, तर त्याचं पाप इथल्या गिऱ्हाइकाला लागतं का?

‘करावं तसं भरावं’ म्हणून आपण मोकळे होतो. शास्त्र इतक्या सहज सोडत नाही. योगसूत्रं हिंसेचे तीन प्रकार मानतात: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि जिला नुसती संमती दिली ती. मनुस्मृती मांसाच्या बाबतीत विकत घेणाऱ्याला, रांधणाऱ्याला, वाढणाऱ्याला आणि खाणाऱ्यालाही ‘घातक’, म्हणजे मारेकरीच, म्हणते. या ग्रंथाचा दाखला रायगड जिल्ह्यात जपूनच द्यावा. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी त्याची होळी झाली, आणि ती चवदार तळ्याच्या पाण्यावरून पेटलेल्या लढ्यातच. पाण्याला कोण शिवलं यावर जिचा सारा कटाक्ष, त्या परंपरेने पाण्यात काय मिसळलं हे क्वचितच विचारलं. पण भोगणाऱ्याला हात झटकता येत नाहीत हे तिचं म्हणणं खरं आहे, आणि ते तिच्यावरही उलटवता येतं.

यावर पहिला आक्षेप पुराव्याचा. तो खोटा नाही. ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांना २०११ साली पेनसिल्व्हेनियात वायूच्या विहिरींजवळच्या पिण्याच्या पाण्यात मिथेनचं प्रमाण जास्त आढळलं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१६ साली सांगितलं की काही परिस्थितींत फ्रॅकिंगमुळे पिण्याच्या पाण्यावर परिणाम होऊ शकतो, पण देशभर हे किती वेळा घडतं ते सांगायला माहिती अपुरी आहे. दोष कधी वायूच्या विहिरीच्या अस्तराचा असतो, कधी वर आलेल्या सांडपाण्याच्या हाताळणीचा. म्हणजे प्रत्येक विहीर नासते असं नाही. मात्र ‘सिद्ध करा’ हे ओझं कुणी उचलायचं? ज्याच्या घरचं पाणी बदललं त्याने, की ज्याला नफा झाला त्याने? जमिनीखालचं पाणी कुणाला दिसत नाही. निदान त्यासाठी तरी हे ओझं नफ्याकडे जायला हवं.

दुसरा आक्षेप जास्त चिवट आहे: एवढी लांब साखळी धरली तर जगात निष्पाप कोण राहील? खांबकरांनाच विचारा. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटलेलं पाणी कुंडलिकेत येतं, डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्याला लागतं, आणि त्यावर इकडे उन्हाळी भात होतो. ते पाणी मुळशीच्या धरणाचं. १९२१ साली सेनापती बापटांनी तिथल्या शेतकऱ्यांसह धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तरी गावं बुडालीच. म्हणून आज भात लावणारा गुन्हेगार ठरतो का? नाही ठरत. त्याने ते करवलं नाही, आणि त्या वेळी त्याची संमती कुणी विचारलीही नव्हती. पण मुळशीचं पाणी शंभर वर्षांपूर्वीच वळवलं गेलं. इथेनची जहाजं आजही येतात. चालू असलेल्या गोष्टीबद्दल गप्प राहणं ही संमतीच होते, आणि शास्त्रातल्या तिन्ही हिंसांपैकी काढून घेता येते ती हीच. कारखान्यात नोकरी आहे म्हणून ती काढून घेता येत नाही, असंही नाही. नोकरी सोडायला कुणी सांगत नाही. प्लास्टिकच्या गोणीवर बॅच नंबर छापतात, तसं त्यातला वायू कुठल्या खोऱ्यातला, तिथल्या पिण्याच्या विहिरी कुणी तपासल्या आणि काय सापडलं, हे कारखान्याने जाहीर करावं एवढं तर नागोठण्यातला कामगार आणि खांबचा गिऱ्हाईक दोघेही मागू शकतात.